मास्ट सेल स्टॅबिलायझर: ॲलर्जीचं हे औषध त्रासाच्या आधी सुरू करायचं असतं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सोडियम क्रोमोग्लायकेट, किटोटिफेन किंवा ओलोपॅटाडीन यांपैकी एखादं नाव पहिल्यांदाच दिसलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ही औषधं मास्ट सेल स्टॅबिलायझर या गटातली. डोळ्यांची ॲलर्जी, सततच्या शिंका आणि काही प्रमाणात दमा यांसाठी ती दिली जातात. यातली काही औषधं अतिशय सुरक्षित आहेत, तरीही ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती लवकर सोडून दिली जातात. मी फार्मासिस्ट आहे. डोळ्यांचे थेंब घेऊन गेलेलं माणूस चार-पाच दिवसांत परत येतं आणि म्हणतं, “ताई, खाज सुटली की घालते, पण फरकच पडत नाही. दुसरं काहीतरी द्या.” औषधात खोट नसते. ते वापरायची वेळ चुकलेली असते, आणि ती वेळ त्यांना कुणी नीट सांगितलेली नसते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: आधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या

आपल्या त्वचेखाली, नाकाच्या आतल्या अस्तरात, डोळ्यांच्या पापण्यांच्या आतल्या बाजूला, श्वासनलिकांमध्ये आणि आतड्यांत मास्ट पेशी असतात. जर्मन वैद्यक पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये या पेशींचं वर्णन केलं आणि त्यांना हे नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बारीक कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. त्या कणांमध्ये हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपारिन अशी रसायनं साठवलेली असतात.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात विशिष्ट गोष्टीविरुद्ध, म्हणजे धुळीतले किडे, गवताचे परागकण, मांजराचा कोंडा अशांविरुद्ध, आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली असतात आणि ती मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात. तोच परागकण पुन्हा आला की तो शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधतो. पेशीत कॅल्शियम शिरतं आणि काही मिनिटांत कण फुटून हिस्टामिन बाहेर पडतं. डोळे खाजतात, नाक गळू लागतं, शिंकांची माळ लागते, दमेकऱ्याची छाती आवळते. एवढ्यावर थांबत नाही. त्याच पेशी ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन ही दाह वाढवणारी रसायनं नव्याने बनवतात, इतर दाहक पेशींना बोलावून घेतात आणि चार-आठ तासांनी त्रासाची दुसरी लाट येते. सकाळी झाडलोट केली आणि संध्याकाळी नाक चोंदलं, असं होतं त्यामागे हे कारण असू शकतं.

आता औषधांचा फरक इथेच आहे. सिट्रिझीनसारखी हिस्टामिनविरोधी औषधं बाहेर पडलेल्या हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत. स्टॅबिलायझर त्याच्याही आधी काम करतं, ते पेशीतले कण फुटूच देत नाही. पण एकदा हिस्टामिन बाहेर सांडलं की निव्वळ स्टॅबिलायझर त्याचं काहीच करू शकत नाही. कौलं शाकारायची ती मृग लागायच्या आधी, पाऊस घरात आल्यावर नव्हे. या गटातलं औषध घेताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी अर्धं काम झालं.

सोडियम क्रोमोग्लायकेटचा शोधही असाच लागला. इजिप्तमध्ये आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या भागात खेला नावाची वनस्पती पूर्वापार औषधात वापरली जाते. तिच्यातल्या खेलिन या द्रव्यापासून नवी संयुगं बनवण्याचं काम इंग्लंडमध्ये चाललं होतं. तिथे रॉजर अल्टूनियन नावाचे डॉक्टर होते. जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, आणि स्वतः दमेकरी. त्यांना गिनिपिगच्या केसांची ॲलर्जी होती. ते आधी नवं संयुग श्वासातून घ्यायचे, मग गिनिपिगच्या केसांचा अर्क हुंगून मुद्दाम दम्याचा झटका आणायचे आणि फुप्फुसांची ताकद मोजायचे. वर्षानुवर्षं स्वतःच्या छातीवर हे प्रयोग केल्यानंतर १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागलं. आधी औषध आणि मग ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारी गोष्ट, हा त्यांच्या प्रयोगाचा क्रम होता. तुमच्या आमच्या वापराचाही क्रम तोच असायला हवा. हे सगळं त्यांनी सोसलं म्हणून त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

पायरी २: चिठ्ठीवर नेमकं काय आहे ते ओळखा

बाटलीवरचं मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीचं असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. दिसत नसेल तर मेडिकलमध्ये विचारा, ते सांगणं आमचं कामच आहे.

सोडियम क्रोमोग्लायकेट हे मूळ आणि निव्वळ स्टॅबिलायझर. डोळ्यांसाठी २ टक्के किंवा ४ टक्के थेंब, नाकासाठी फवारा, आणि पूर्वी दम्यासाठी पंपही असायचा. अंगात ते फारच कमी शोषलं जातं. तोंडाने घेतलं तर साधारण १ टक्काच. त्यामुळे दुष्परिणाम कमी. थेंब घातल्यावर क्षणभर चुणचुणतं, फवाऱ्याने कधी शिंक येते, तोंडात चव येते, एवढंच बहुतेकांना जाणवतं. मोबदल्यात ते थोड्याच तासांत संपतं, म्हणून दिवसातून चार वेळा घालावं लागतं.

किटोटिफेन दुहेरी आहे: स्टॅबिलायझरही आणि हिस्टामिनविरोधीही. याचे ०.०२५ टक्क्यांचे थेंब दिवसातून साधारण दोनदा घालायचे असतात. भारतात याची १ मिलिग्रॅमची गोळी आणि लहान मुलांसाठी सिरपही मिळतं. गोळीबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तिथे सांभाळायच्या गोष्टी जास्त आहेत.

ओलोपॅटाडीनही दुहेरी आहे आणि डोळ्यांसाठी आज सर्रास दिलं जातं. ०.१ टक्के असेल तर दिवसातून दोनदा, ०.२ टक्के असेल तर एकदाच. हिस्टामिनविरोधी गुण असल्यामुळे खाज काही मिनिटांतच कमी होते. रोज शाळा-ऑफिस असणाऱ्यांना चार वेळांपेक्षा हे सोपं पडतं, आणि माझ्या मते चार वेळा घालणं खरोखर जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून दुहेरी औषध मागावं. लोडोक्सामाइड नावाचे थेंब काही देशांत वापरतात, तेही याच गटातले.

आता जे या गटात नाही त्याबद्दल. मॉन्टेलुकास्टची गोळी आपल्याकडे शिंका-सर्दीसाठी फार दिली जाते आणि लोक तिलाही ‘ॲलर्जी थांबवणारी गोळी’ म्हणतात. ती ल्युकोट्राइनला अडवते, मास्ट पेशीला नाही. तिच्यामुळे काही जणांना झोपेचे, मनःस्थितीचे त्रास होतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याबद्दल ठळक इशारा दिला. घरात कुणाला ती चालू असेल आणि चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी दिसली तर डॉक्टरांना सांगा.

आणि एक फार महत्त्वाचं. डोळ्यांच्या थेंबांच्या घटकांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाल डोळा दोन दिवसांत पांढराशुभ्र होतो, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून लोक पुन्हा पुन्हा तेच मागतात. महिनोन्महिने असे थेंब घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो, लहान वयात मोतीबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइडचे थेंब वाईट नाहीत, नेत्रतज्ज्ञ गरजेपुरते देतात आणि दाब तपासत राहतात. पण ते स्वतःच्या मनाने आणायचे नाहीत, शेजाऱ्याच्या बाटलीतले घालायचे नाहीत. स्टॅबिलायझरचं खरं मोल इथे कळतं: हे थेंब पूर्ण मोसम घातले तरी त्यांनी डोळ्याचा दाब वाढत नाही, आणि त्यांच्यामुळे स्टेरॉइडची गरज कमी पडते.

पायरी ३: सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

तपासणीच्या वेळी पुढच्या गोष्टी आपण होऊन सांगा, विचारायची वाट पाहू नका. त्रास वर्षभर असतो की ठरावीक महिन्यांत. घरात की बाहेर. एका डोळ्याला की दोन्ही. ॲलर्जी सहसा दोन्ही डोळ्यांना होते आणि तिचं मुख्य लक्षण खाज असतं. एकच डोळा लाल, दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर अंधुक झाली, चिकट घाण येते, यातलं काही असेल तर ती ॲलर्जी समजून थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

किटोटिफेनची गोळी लिहून देत असतील तर दोन गोष्टी हटकून सांगा. घरात कुणाला नव्हे, तुम्हाला स्वतःला फिट्स येतात का, किंवा पूर्वी कधी आल्या होत्या का. या औषधाने झटक्याची शक्यता वाढू शकते. दुसरं, मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन, चालू आहेत का. या दोन्ही एकत्र घेतलेल्या काही रुग्णांमध्ये रक्तातल्या प्लेटलेट तात्पुरत्या कमी झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून हे एकत्र देणं टाळतात. आपल्याकडे मधुमेह इतक्या घरांत आहे की मी चिठ्ठीवर किटोटिफेन पाहिलं की हा प्रश्न विचारतेच.

गरोदर असाल, दूध पाजत असाल, तर सांगा. क्रोमोग्लायकेट अंगात फारसं शोषलं जात नसल्याने अशा काळात डॉक्टर त्याचा विचार आधी करतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तेही सांगा. त्वचेवर टोचून ॲलर्जीची चाचणी करायची ठरली असेल तर किटोटिफेन आणि इतर हिस्टामिनविरोधी गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणीत खोटं ‘काही नाही’ येतं. किती दिवस, ते चाचणी करणारे सांगतील. क्रोमोग्लायकेटचा या चाचणीवर परिणाम होत नाही.

पायरी ४: कोणत्या तारखेला सुरू करायचं

तुमच्या त्रासाचा मोसम ओळखा आणि त्याच्या दोन आठवडे आधी औषध सुरू करा. हे बोलायला सोपं, पण त्यासाठी वर्षभराची एक वही लागते. कॅलेंडरच्या चौकटीत रोज ‘डोळे’, ‘नाक’, ‘छाती’ एवढं लिहिलं तरी पुरे. वर्षभरात आकृती दिसायला लागते.

महाराष्ट्रात साधारण असं दिसतं. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. बुरशीची ॲलर्जी असणाऱ्यांचे हे दिवस. पाऊस ओसरला की गवतं फुलतात आणि गाजरगवतही. हे तण परदेशातून आलं, पुण्यात १९५०च्या दशकात त्याची नोंद झाली, आणि आज रस्त्याकडेला, पडीक शेतात सगळीकडे आहे. त्याच्या परागकणांनी शिंका आणि डोळ्यांची खाज होते, अंगाला लागलं तर कातडीही उठते. त्याच सुमारास दिवाळीची साफसफाई येते आणि माळ्यावरची वर्षाची धूळ एका दुपारी नाकात जाते, वर फटाक्यांचा धूर. थंडीत ट्रंकेतल्या गोधड्या आणि ब्लँकेटं निघतात, त्यांत धुळीतले सूक्ष्म किडे असतात. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्याने हे किडे बारा महिने सुखात राहतात. विदर्भ-मराठवाड्यात मळणीचा आणि कापसाचा भुसा उडतो. आणि मार्च ते जून, कोरड्या उन्हात, मुलांच्या डोळ्यांचा तो चिवट आजार उसळतो ज्याला नेत्रतज्ज्ञ व्हर्नल किंवा व्हीकेसी म्हणतात.

दिवाळीच्या साफसफाईने दर वर्षी आजारी पडत असाल तर दसऱ्याच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन या. व्हीकेसीचं मूल असेल तर फेब्रुवारीत.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी: इंग्लंडमध्ये गवताच्या परागकणांचा जोर साधारण मे ते जुलै असतो, म्हणजे एप्रिलअखेर तयारी हवी. तिथे क्रोमोग्लायकेटचे थेंब फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतात. अमेरिकेत वसंतात झाडांचा पराग आणि ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड या तणाचा. रॅगवीड आणि आपलं गाजरगवत एकाच कुळातलं, त्यामुळे इथे गाजरगवताने बेजार झालेल्या माणसाला तिथे रॅगवीडचा त्रास होण्याची शक्यता धरून चालावं. अमेरिकेत क्रोमोग्लायकेटचाच क्रोमोलिन नावाने नाकाचा फवारा आणि किटोटिफेनचे थेंब दुकानात सहज मिळतात. किटोटिफेनच्या गोळ्या मात्र तिथे मंजूर नाहीत. इथून घेऊन जाणार असाल तर पुरेशा आहेत ना ते पाहा आणि चिठ्ठीची प्रत जवळ ठेवा.

पायरी ५: थेंब आणि फवारा घालायची रीत

हात साबणाने धुवा. लेन्स असतील तर काढा, आणि थेंब घातल्यावर किमान १५ मिनिटं परत लावू नका, कारण बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणारं द्रव्य असतं आणि मऊ लेन्स ते शोषून घेतात. डोळे लाल असताना लेन्स लावूच नयेत.

मान मागे करा, खालची पापणी बोटाने हळू ओढून छोटा खिसा करा, वर बघा आणि त्या खिशात एक थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना लागू देऊ नका. दोन-तीन थेंब टाकून उपयोग नाही, डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही, बाकीचं गालावर वाहतं. मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे थेंब घालायचे असतील तर पाच मिनिटं थांबा. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

लहान मूल डोळा घट्ट मिटून घेतं आणि आईची दमछाक होते. त्याला धरून जबरदस्ती करू नका. उताणं निजवा, डोळा मिटलेलाच राहू द्या, आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळा उघडायला सांगा. औषध आपोआप आत जातं. ही युक्ती कळली की घरातला रोजचा रडवेला कार्यक्रम थांबतो.

बाटली उघडली त्या दिवशी लेबलवर तारीख लिहा. बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, एक्स्पायरी पुढच्या वर्षीची असली तरी. आत औषध शिल्लक दिसतं म्हणून जीव तुटतो, हे मी जाणते. पण दूषित थेंबांनी डोळ्याला जंतुसंसर्ग झाला तर तो खर्च आणि त्रास कितीतरी मोठा.

नाकाचा फवारा नवीन असेल तर आधी हवेत दोन-चारदा दाबून बारीक तुषार येतो का पाहा. नाक शिंकरून मोकळं करा. डोकं किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि नळीचं टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेला ठेवा, मधल्या पडद्याकडे नको. हलका श्वास घेत फवारा मारा. जोरात ओढलं तर सगळं घशात जातं. क्रोमोग्लायकेटचा फवारा दिवसातून तीन-चार वेळा लागतो. नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर आधी मिठाच्या पाण्याने धुवा, नाहीतर औषध अस्तरापर्यंत पोहोचणारच नाही.

खरं सांगायचं तर नाकाच्या ॲलर्जीत स्टेरॉइडचे फवारे क्रोमोग्लायकेटपेक्षा जास्त प्रभावी आहेत आणि योग्य रीतीने वापरले तर सुरक्षितही आहेत. डोळ्यांतल्या स्टेरॉइडची भीती नाकाच्या फवाऱ्यावर लादू नका. डॉक्टरांनी तो दिला असेल तर घ्या.

पायरी ६: पहिले तीन आठवडे टिकून राहा

क्रोमोग्लायकेटने डोळ्यांना काही दिवसांत थोडा आराम वाटू लागतो, पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे जातात. नाकालाही एक-दोन आठवडे. किटोटिफेनच्या गोळीचा दम्यावरचा परिणाम दिसायला तर सहा ते बारा आठवडे लागू शकतात. हा काळ कठीण असतो, म्हणून या दिवसांत आरामासाठी दुसरं काय घ्यायचं ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. बहुधा डॉक्टर हिस्टामिनविरोधी गोळी किंवा दुहेरी थेंब देतात.

चार वेळा कशा साधायच्या? उठल्यावर, शाळेतून आल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत, दिवेलागणीला आणि झोपताना. शाळेत बाईंना बाटली द्यायची गरज सहसा पडत नाही, निघताना आणि आल्याबरोबर घातलं तरी चालतं. मोबाइलचा गजर लावा. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला, पुढच्या वेळी दुप्पट नको.

डोळे चोळू नका आणि मुलांना चोळू देऊ नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण चोळण्याने मास्ट पेशी आणखी फुटतात आणि खाज वाढते. शिवाय वर्षानुवर्षं चोळण्याचा केरॅटोकोनस या आजाराशी संबंध आहे, त्यात बुबुळाचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि चष्म्यानेही नीट दिसत नाही. खाज आली की थंड पाण्याची घडी ठेवा. डोळ्यांना ओलावा देणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रिजमध्ये गार करून घातले तर परागकण धुऊन जातात आणि फार बरं वाटतं. गुलाबपाणी, मध, तूप, बाळाचं दूध डोळ्यात घालू नका. आजीने प्रेमाने सांगितलेलं असतं, पण ते निर्जंतुक नसतं.

व्हीकेसी प्रामुख्याने शाळकरी मुलग्यांना होतो आणि बहुतेकांचा वयात येताना आपोआप ओसरतो. तोवरची वर्षं डोळा इजा न होता पार पाडायची असतात. आईबापांना मी म्हणते, या थेंबांकडे ‘बरं करणारं औषध’ म्हणून पाहू नका, मूल मोठं होईपर्यंत डोळा जपणारं औषध म्हणून पाहा. मग महिन्यागणिक बाटली आणायचा कंटाळा येत नाही.

किटोटिफेनच्या गोळीने सुरुवातीला झोप येते. म्हणून डॉक्टर बरेचदा पहिल्या आठवड्यात फक्त रात्री द्यायला सांगतात आणि मग दिवसातून दोनदा. त्या दिवसांत गाडी, यंत्र, शिडी यांपासून दूर राहा, दारू टाळा. भूक वाढते आणि वजनही वाढू शकतं. मूल अचानक जास्त खायला लागलं म्हणून घरचे आनंदतात, पण वजनाकडे लक्ष ठेवा. गोळी एकदम बंद करायची नसते, डॉक्टर दोन ते चार आठवड्यांत हळूहळू कमी करतात.

पायरी ७: दमा असेल तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

सोडियम क्रोमोग्लायकेटने १९६०च्या दशकाअखेर दम्याच्या उपचाराला मोठा आधार दिला. मुलांना ते खूप वर्षं दिलं गेलं. पुढे श्वासातून घ्यायची स्टेरॉइड, म्हणजे ब्युडेसोनाइडसारखी औषधं, दम्यावर कितीतरी जास्त परिणामकारक ठरली आणि क्रोमोग्लायकेटचे पंप बहुतेक ठिकाणी बंद झाले. अमेरिकेत नेब्युलायझरमधून द्यायचं द्रावण अजून वापरलं जातं. दम्याच्या आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात मुख्य जागा स्टेरॉइडच्या पंपाची आहे, स्टॅबिलायझरची नाही.

म्हणून दमा असताना किटोटिफेन सुरू झालं तरी पंप सोडायचा नाही. ‘पंपाची सवय लागते’ हा समज आपल्याकडे इतका खोल आहे की गोळी मिळाली की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि पंप कपाटात जातो. पंपाची सवय लागत नाही. पंप सोडल्याने मात्र झटका येतो, आणि झटक्याने माणसं जातात. एखादं औषध कमी करायचं असेल तर ते डॉक्टरच ठरवतील.

झटका आला तर स्टॅबिलायझरचा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा डॉक्टरांनी आराम देण्यासाठी दिलेला पंप वापरायचा. तो घेऊनही आराम नाही, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू आत ओढले जातात, मूल गळून गेलंय, अशा वेळी घरी वाफ देत वेळ घालवू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ला फोन करा. शेंगदाणा, मासा, मधमाशीचा दंश किंवा एखादं इंजेक्शन यानंतर अंगावर गांधी उठून धाप, चक्कर, उलटी सुरू झाली तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. त्यावर पहिला उपाय मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिन, तेही लगेच.

मास्टोसायटोसिस या दुर्मीळ आजारात मास्ट पेशीच प्रमाणाबाहेर वाढतात. त्यात क्रोमोग्लायकेट पाण्यात विरघळवून तोंडाने देतात, जेवणाआधी अर्धा तास आणि झोपताना. ते दुधात किंवा फळांच्या रसात मिसळायचं नसतं. हा उपचार तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली होतो.

पायरी ८: घरातलं ॲलर्जन कमी करा, आणि पुन्हा तपासून घ्या

औषधाला मदत लागते. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, धुळीतले किडे त्यानेच मरतात. नुसत्या उन्हाने गोधडीच्या आतपर्यंत पोहोचता येत नाही, पण ऊन दाखवून जोरात झटकणं काहीच न करण्यापेक्षा बरं, फक्त झटकायचं काम ॲलर्जी नसलेल्याने करावं. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून थोडी लांब ठेवा. बाहेर जाताना गॉगल घाला, आल्यावर तोंड धुवा. गाजरगवत उपटायचं असेल तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून.

महिन्याने डॉक्टरांकडे परत जाताना ती वही, सध्या चालू असलेल्या सगळ्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं सांगताना गफलत होते, पाकीट दाखवलं की होत नाही. गुण आला असेल तर मोसम संपेपर्यंत थेंब चालू ठेवायचे का, ते विचारा. बरं वाटलं म्हणून मधेच सोडले तर परागकण अजून हवेत असतात. गुण आला नसेल तर डॉक्टरांना हेही सांगा की थेंब दिवसातून खरोखर किती वेळा घातले गेले. दोनदाच जमलं असेल तर दोनदाच सांगा. त्यावरूनच ठरतं, औषध बदलायचं की फक्त वेळापत्रक.